ब्रेक लावला की वेग वाढतो: कक्षेतल्या उपग्रहाच्या ऊर्जेचा जमाखर्च

३ जून १९६५. अमेरिकेचं जेमिनी-४ हे यान पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोहोचलं आणि त्याला वर घेऊन आलेल्या रॉकेटचा रिकामा टप्पा खिडकीतून दिसू लागला. त्या टप्प्याच्या जवळ जाऊन पाहायचं, असं मोहिमेत ठरलं होतं. कमांडर जेम्स मॅकडिव्हिट यांनी कोणताही वैमानिक करेल तेच केलं. यानाचं तोंड टप्प्याकडे वळवलं आणि इंजिनाचा झोत सोडला. टप्पा जवळ येईना. पुन्हा जोर लावला, तर तो आणखी लांब गेला. बरंच इंधन खर्ची पडल्यावर तो नाद सोडून द्यावा लागला.

मॅकडिव्हिट कसलेले चाचणी वैमानिक होते. त्यांच्या हातात दोष नव्हता. जमिनीवर आणि हवेत आयुष्यभर खरी ठरलेली सवय कक्षेत उलटी पडली होती.

उपग्रहांच्या बातम्या वाचताना आपलाही गोंधळ होतो तो याच सवयीमुळे. ‘उपग्रहाची कक्षा उंचावली’, ‘जुना उपग्रह खाली येतोय’, ‘यानानं इंजिन काही मिनिटं चालवलं’ असं आपण वाचतो आणि मनात प्रश्न येतात. एरवी इंजिन बंद असतं, तर उपग्रह फिरतो कशावर? हवेनं त्याचा वेग कमी होतो म्हणतात, मग खाली येताना तो जास्त जोरात कसा असतो? या सगळ्यांची उत्तरं एकाच जमाखर्चात आहेत, आणि तो समजायला बेरीज-वजाबाकीपेक्षा जास्त गणित लागत नाही.

फिरत राहायला इंधन लागत नाही

आधी एक गैरसमज दूर करू. वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून उपग्रह पडत नाही, असं पुष्कळांना वाटतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं, आणि तिथं पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे ८९ टक्के असते. स्थानक सतत पडतच असतं. दर सेकंदाला ते सुमारे ४.३ मीटर खाली पडतं. पण त्याच सेकंदात ते आडवं ७.६७ किलोमीटर पुढे गेलेलं असतं, आणि तेवढ्या अंतरात गोल पृथ्वीचा पृष्ठभागही जवळपास तेवढाच खाली वळलेला असतो. त्यामुळे पडूनही उंची तीच राहते. आतले अंतराळवीर तरंगतात, कारण तेही स्थानकाबरोबर तसेच पडत असतात.

मग या पडण्यात ऊर्जा खर्च का होत नाही? दोरीला दगड बांधून डोक्याभोवती फिरवून पाहा. दोरी दगडाला सतत आत ओढते, पण तो पळतो त्या दिशेला आडवी. त्यामुळे ती त्याची दिशा बदलते, वेग बदलत नाही. गोल कक्षेत गुरुत्वाकर्षण ही अशीच दोरी आहे. ते उपग्रहाला ऊर्जा देतही नाही आणि त्याच्याकडून घेतही नाही.

पंखांसारख्या सौर पट्ट्यांमधून मिळणारी वीज उपकरणं, रेडिओ आणि संगणक यांच्यासाठी असते. काही उपग्रहांवर विजेवर चालणारी छोटी इंजिनं असतात, पण तीही कक्षेत फेरबदल करायच्या वेळीच वापरतात. नुसतं फिरत राहायला त्यांचीही गरज नसते.

उंची स्वस्त, वेग महाग

उपग्रहाच्या ऊर्जेचे दोन भाग असतात. वेगामुळे असते ती गतिज ऊर्जा, आणि पृथ्वीपासून किती वर आहे त्यावरून ठरते ती स्थितिज ऊर्जा. पुढे मी त्यांना सरळ वेगाची ऊर्जा आणि उंचीची ऊर्जा म्हणेन. माप असेल मेगाज्यूल. ३.६ मेगाज्यूल म्हणजे विजेच्या मीटरवरचा एक युनिट.

आता १ किलो वजनाची वस्तू ४०० किलोमीटरच्या कक्षेत न्यायची आहे असं समजा. नुसती वर उचलायला लागतात सुमारे ३.७ मेगाज्यूल, म्हणजे जेमतेम एक युनिट. आणि तिथं टिकून राहण्याइतका आडवा वेग द्यायला? सुमारे २९.४ मेगाज्यूल. आठपट! मला या सगळ्या विषयातला हा आकडा सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण ‘अवकाशात जाणं म्हणजे उंच जाणं’ ही आपली कल्पना तो मोडून काढतो. ४०० किलोमीटर सरळ वर गेलेलं रॉकेट काही मिनिटांत परत खाली येईल. कक्षेत राहायचं तर आडवं धावावं लागतं, आणि खरा खर्च त्या धावण्याचा आहे. म्हणूनच उड्डाणानंतर थोड्याच वेळात रॉकेट एका बाजूला कलताना दिसतं. शक्यतो पूर्वेकडे उडवण्याचं कारणही हेच. विषुववृत्तावरची जमीन पृथ्वीच्या फिरण्यामुळे सेकंदाला ४६५ मीटर वेगानं आधीच पूर्वेला जात असते, आणि तेवढा वेग रॉकेटला आयता मिळतो.

दोन्ही मिळून झाले सुमारे ३३ मेगाज्यूल. एवढ्या ऊर्जेत १२ लिटर पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ होईल आणि तरी थोडी उरेल.

इथं जाणकार वाचक हरकत घेईल. १ किलो पेट्रोल जाळलं तर त्यातून ४० मेगाज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा मिळते. मग १ किलो सामानाला १ किलो इंधन पुरायला हवं. एवढी अजस्र रॉकेटं कशाला? अडचण अशी की इंधनालाही वर न्यावं लागतं. शेवटच्या मिनिटाला जळणारं इंधन आधी तिथपर्यंत पोहोचवावं लागतं, ते पोहोचवायला आणखी इंधन, आणि त्या इंधनासाठी आणखी. शिवाय गाडीचं इंजिन ऑक्सिजन हवेतून घेतं, तर रॉकेटला तो स्वतःबरोबर न्यावा लागतो आणि त्याचं वजन इंधनापेक्षा जास्त भरतं. इस्रोचं एलव्हीएम-३ रॉकेट उडताना सुमारे ६४० टनांचं असतं आणि पृथ्वीजवळच्या कक्षेत ते सुमारे ८ टन पोहोचवतं. ऊर्जेचा मोठा वाटा मागं फेकल्या गेलेल्या वायूंबरोबर निघून जातो.

खात्यात नेहमी उधारी

शास्त्रज्ञ उपग्रहाची एकूण ऊर्जा उणे चिन्हात लिहितात, आणि इथं पुष्कळांचा धीर सुटतो. ऊर्जा शून्यापेक्षा कमी कशी असेल?

खोल विहिरीच्या तळाशी उभं राहून आपण काठापासून खोली मोजतो, तसंच हे मोजमाप आहे. काठ म्हणजे शून्य, आणि त्याच्या खाली जेवढं असू तेवढं उणे. पृथ्वीच्या बाबतीत काठ म्हणजे तिची ओढ जाणवणारच नाही इतकं दूरचं अंतर. जमिनीवर ठेवलेल्या १ किलो वस्तूच्या नावावर सुमारे ६२.६ मेगाज्यूलची उधारी असते. ती पूर्ण फेडली की वस्तू पृथ्वीच्या तावडीतून कायमची सुटते.

४०० किलोमीटरवरच्या उपग्रहाची उंचीची ऊर्जा उणे ५८.९ मेगाज्यूल असते. त्यात वेगाची २९.४ मिळवली की उरते उणे २९.४ किंवा २९.५. म्हणजे ६२.६ च्या उधारीतली निम्म्याहून जास्त फिटली! जमिनीपासून ४०० किलोमीटर म्हणजे चंद्रापर्यंतच्या अंतराचा हजारावा भाग. पण ऊर्जेच्या हिशेबात तिथं पोहोचलेलं यान अर्ध्यापेक्षा जास्त वाट चालून गेलेलं असतं. तिथून पृथ्वी कायमची सोडायला सेकंदाला ७.६७ किलोमीटरचा वेग सुमारे १०.८५ पर्यंत नेला की पुरतो.

वर जाईल तो मंद, खाली येईल तो जलद

वरचे आकडे पुन्हा पाहा. वेगाची २९.४, उंचीची उणे ५८.९. पहिला आकडा दुसऱ्याच्या निम्मा आहे, आणि हा योगायोग नाही. गोल कक्षा कोणत्याही उंचीची असो, वेगाची ऊर्जा नेहमी उंचीच्या उधारीच्या निम्मी असते. यापेक्षा जास्त वेग असेल तर उपग्रह बाहेर जाऊ लागतो, कमी असेल तर आत येतो.

या एका नियमातून बरंच काही निघतं. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरची भूस्थिर कक्षा घ्या. टीव्हीचे आणि हवामानाचे अनेक उपग्रह तिथं आहेत, आणि त्यांची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीएवढ्याच वेळात होते. तिथं वेग असतो सेकंदाला फक्त ३.०७ किलोमीटर. वेगाची ऊर्जा ४.७ मेगाज्यूल, उंचीची उणे ९.५, एकूण उणे ४.७. खालच्या कक्षेतून तिथं न्यायला प्रत्येक किलोमागे जवळजवळ २५ मेगाज्यूल जास्तीचे ओतावे लागतात, आणि एवढं ओतून उपग्रह पोहोचतो तो आधीच्या निम्म्याहून कमी वेगानं. ओतलेली ऊर्जा वाया गेलेली नसते. ती सगळी उंचीत जमा झालेली असते, आणि तिच्याबरोबर वेगातूनही तेवढीच काढून उंचीत गेलेली असते.

पण हवा अडवते आणि वेग वाढतो, हे कसं पटावं?

ही हरकत रास्त आहे. ४०० किलोमीटरवरही हवेचे विरळ कण असतात. ते उपग्रहाला मागे ओढतात. मागे ओढल्यावर वेग कमी व्हायला हवा. तरी प्रत्यक्षात उपग्रहाचा वेग वाढतो आणि फेरी लवकर पूर्ण होते. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये स्पुटनिक-१ सोडला तेव्हा तो ९६.२ मिनिटांत एक फेरी पूर्ण करत होता. पुढच्या आठवड्यांत हा वेळ कमी कमी होत गेला, आणि जानेवारी १९५८ मध्ये तो वातावरणात जळून गेला.

नरसाळ्याच्या कडेनं गोल सोडलेली गोटी आठवा. पृष्ठभागाशी घासून तिची ऊर्जा कमी होत असते, म्हणूनच ती खाली सरकते. पण ती आतल्या छोट्या वर्तुळांत येते तशी तिची गरगर वाढत जाते. उपग्रहाचं असंच होतं. हवेनं त्याला किंचित अडवलं की त्या उंचीवर टिकायला वेग पुरत नाही आणि तो थोडा खाली घसरतो. त्याचा मार्ग आता अगदी बारीक उताराचा होतो. उतारावर गुरुत्वाकर्षणाची ओढ नुसती आडवी राहत नाही, तिचा एक छोटा भाग पुढच्या दिशेलाही लागतो. हळूहळू घसरणाऱ्या गोल कक्षेत हा भाग हवेच्या विरोधाच्या बरोबर दुप्पट निघतो. हवा एका मापानं मागे ओढते, उतार दोन मापांनी पुढे ढकलतो. शिल्लक एक माप, पुढच्या दिशेला. जणू हवेनंच मागून ढकलावं, तसा वेग वाढतो.

ऊर्जा आली कुठून, हे आकड्यांत पाहू. उपग्रह ४०० वरून २०० किलोमीटरवर आला तर प्रत्येक किलोमागे उंचीची सुमारे १.८ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. तिचे दोन सारखे वाटे पडतात. ०.९ मेगाज्यूल हवा तापवण्यात जातात आणि ०.९ वेगात जमा होतात. वेग ७.६७ वरून ७.७९ किलोमीटरवर जातो, फेरी ९२ मिनिटांऐवजी ८८ मिनिटांत होऊ लागते. एकूण ऊर्जा मात्र घटलेलीच असते. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम कुठंही मोडत नाही.

याची व्यवहारातली किंमत मोठी आहे. सूर्य जास्त सक्रिय झाला की पृथ्वीचं वरचं वातावरण तापून फुगतं आणि ही घसरण वाढते. स्कायलॅब हे अमेरिकी स्थानक अशाच काळात अपेक्षेआधी खाली आलं आणि ११ जुलै १९७९ रोजी त्याचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटरवर होते. त्याच वेळी भूचुंबकीय वादळ आलं, म्हणजे सूर्याकडून आलेल्या झोतानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघालं, हवेचा विरोध वाढला आणि त्यातले बहुतेक उपग्रह काही दिवसांत गमवावे लागले. उलट १९५८ मध्ये सोडलेला, दीड किलोचाही नसलेला व्हॅनगार्ड-१ आजही फिरतो आहे. त्याची कक्षा साडेसहाशे किलोमीटरच्या खाली येत नाही आणि तिथं हवा फार विरळ आहे.

मॅकडिव्हिट यांचं यान मागे का पडलं?

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे परत येऊ. पुढच्या वस्तूला गाठायला त्यांनी पुढे जोर लावला, म्हणजे आपल्या खात्यात ऊर्जा भरली. ऊर्जा वाढली की कक्षा मोठी होते, आणि मोठ्या कक्षेत फेरीला जास्त वेळ लागतो. यान वर चढलं आणि मागे पडलं.

करायला हवं होतं ते उलट. पुढचं लक्ष्य गाठायचं तर झोत पुढच्या दिशेला सोडायचा, म्हणजे ब्रेक लावायचा. थोडं खाली उतरायचं, तिथल्या लहान आणि वेगवान कक्षेत अंतर कापायचं, आणि योग्य क्षणी पुन्हा वर यायचं. बझ ऑल्ड्रिन यांनी १९६३ मध्ये एमआयटीत याच विषयावर डॉक्टरेट केली होती. जेमिनी-४ नंतर सहा महिन्यांनी, १५ डिसेंबर १९६५ रोजी, जेमिनी-६ए खालच्या कक्षेतून चढत जाऊन जेमिनी-७ च्या जवळ पोहोचलं, आणि शेवटी दोन यानांत जेमतेम फूटभर अंतर उरलं. आजही अवकाश स्थानकाकडे जाणारी यानं खालच्याच कक्षेतून येतात.

पृथ्वीजवळ आल्यावरच इंजिन का चालवतात?

जुलै २०२३ मध्ये चंद्रयान-३ च्या कक्षा उंचावण्याच्या पाच बातम्या लागोपाठ आल्या. यान लंबगोल कक्षेत होतं, आणि इंजिन बहुतेक वेळा चालवलं गेलं ते यान पृथ्वीच्या सर्वात जवळ, म्हणजे उपभू बिंदूपाशी असताना. दूर गेल्यावर पृथ्वीची ओढ कमी असते. मग तिथं जोर लावणं सोपं नाही का?

वेगाची ऊर्जा वेगाच्या वर्गावर वाढते, हे इथं कामी येतं. पहिल्या कक्षेत पृथ्वीजवळ यानाचा वेग सेकंदाला १० किलोमीटरहून जास्त होता आणि दूरच्या टोकाला सुमारे १.६ किलोमीटर. समजा इंजिनानं वेगात सेकंदाला १०० मीटरची भर घातली. दूरच्या टोकाला ती घातली तर प्रत्येक किलोमागे सुमारे ०.१६ मेगाज्यूल मिळतात. तीच भर जवळच्या टोकाला घातली तर १ मेगाज्यूलपेक्षा थोडे जास्त मिळतात. इंधन तेवढंच, लाभ सहापटीहून अधिक. हर्मन ओबर्थ या शास्त्रज्ञाच्या नावानं हा परिणाम ओळखला जातो.

ही जादा ऊर्जा फुकट येत नाही. जळण्याआधी इंधन यानाबरोबरच सेकंदाला १० किलोमीटरनं धावत होतं, म्हणजे त्याच्यापाशी स्वतःची वेगाची ऊर्जा होती. झोतातून मागे फेकलं जाताना त्यातली बरीचशी तो वायू यानाला देऊन जातो आणि स्वतः हळू होऊन मागे राहतो.

परत आणताना ही ऊर्जा कुठे जाते?

चढवलेली ऊर्जा उतरवावीही लागते, आणि मला तरी हा या विषयातला सर्वात धास्तावणारा भाग वाटतो. ३३ मेगाज्यूलमध्ये १ किलो ॲल्युमिनियम नुसतं वितळणार नाही, त्याची वाफ होऊनही ऊर्जा उरेल. तरी माणसं सुखरूप परत येतात, ती एका अनपेक्षित शोधामुळे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्युलियन ॲलन या अमेरिकी अभियंत्याच्या लक्षात आलं की परतीच्या यानाला टोकदार आकारापेक्षा बोथट आकार चांगला. बोथट पृष्ठभागासमोर हवा दाबली जाऊन आघात तरंग, म्हणजे दाबलेल्या हवेची जणू भिंत, थोडा पुढे उभा राहतो, आणि बरीचशी उष्णता यानात न शिरता बाजूनं वाहणाऱ्या हवेबरोबर निघून जाते. उष्णता मुख्यतः हवेच्या या दाबल्या जाण्यातून तयार होते, घासण्याचा वाटा त्या मानानं कमी असतो.

भूस्थिर उपग्रहांना मात्र खाली आणणं परवडत नाही. त्यासाठी वेगात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटरचा बदल करावा लागेल. त्यापेक्षा सुमारे ३०० किलोमीटर वर ढकलायला सेकंदाला ११ मीटरचा बदल पुरतो. म्हणून निवृत्त उपग्रह वरच नेऊन सोडतात.

आणि जे न उतरवता कक्षेतच फुटतात त्यांचे तुकडे? १० ग्रॅमचा एक नट समोरून सेकंदाला १० किलोमीटरच्या सापेक्ष वेगानं आदळला तर त्याची ऊर्जा ताशी १०० किलोमीटर वेगानं येणाऱ्या १,३०० किलोच्या मोटारीएवढी असते. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम-३३ आणि निकामी कॉसमॉस-२२५१ हे उपग्रह सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर सेकंदाला ११.७ किलोमीटरच्या सापेक्ष वेगानं एकमेकांवर आदळले आणि हजारो तुकडे झाले. त्या उंचीवर हवा इतकी विरळ आहे की तुकडे खाली यायला वर्षानुवर्षं, काहींना दशकं लागतात.

चंद्राच्या खात्याचं काय?

हे सगळं माणसानं सोडलेल्या उपग्रहांपुरतं नाही. चंद्राच्या ओढीमुळे समुद्राला भरती येते, आणि पृथ्वी चंद्रापेक्षा लवकर फिरत असल्यामुळे भरतीचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे राहतो. तो चंद्राला किंचित पुढे खेचतो. पृथ्वीच्या फिरण्यातली ऊर्जा अशी थेंबाथेंबानं चंद्राच्या खात्यात जमा होते. १९६९ पासून तिथं ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून अंतर मोजलं जातं, आणि चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो असं दिसतं. ऊर्जा मिळते, म्हणून तो वर जातो, आणि वर जातो म्हणून मंदावतो.

मंगळाचा चंद्र फोबोस मंगळाच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यापेक्षा लवकर फिरतो, साडेसात तासांपेक्षा थोड्या जास्त वेळात एक फेरी. तिथं फुगवटा त्याच्या मागे राहतो आणि त्याला मागे ओढतो. शंभर वर्षांत तो मंगळाकडे सुमारे १.८ मीटर सरकतो. ब्रेक लागलेला आहे, आणि फोबोसची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा किंचित लवकर पूर्ण होते आहे.